राष्ट्रगीताचा अर्थ आणि आपली प्रश्नावली

पेटचा निकाल लागला की मला मेसेज यायला लागतात. ‘ताई, टॉपिक बघा ना जरा.’ त्यात दर वेळी एक तरी या जातीचा असतोच : इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रगीताच्या अर्थाची असलेली जाणीव, एक अभ्यास. किंवा थोडा मोठा अवतार : राष्ट्रगीताचा अर्थ समजण्यासाठी अध्यापन कार्यक्रमाची निर्मिती व त्याची परिणामकारकता. विषय चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळा सहज मिळते, मुख्याध्यापक परवानगी नाकारत नाहीत, आणि आरआरसीत कोणी ‘याची गरज काय?’ असं विचारत नाही. पण नेमकं हेच शेवटचं कारण घातक ठरतं. कोणी गरज विचारत नाही म्हणून आपणही स्वतःला काही विचारत नाही.

आज मला या विषयाच्या नेहमीच्या मांडणीवर टीका करायची आहे. या मांडणीत मीही एकदा फसले आहे, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवते आहे असं समजू नका.

अशा कुठल्याही अभ्यासाची प्रश्नावली उघडा. राष्ट्रगीत कोणी लिहिलं? ते केव्हा स्वीकारलं गेलं? म्हणायला किती सेकंद लागतात? मूळ गीतात किती कडवी आहेत? पहिल्यांदा कुठे गायलं गेलं? उत्तरं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. रवींद्रनाथ ठाकूर, २४ जानेवारी १९५०, साधारण ५२ सेकंद, पाच कडवी, कलकत्त्याचं २७ डिसेंबर १९११ चं काँग्रेस अधिवेशन. पैकीच्या पैकी. आता सांगा, यातला अर्थाचा प्रश्न कुठला? एकही नाही. गीतातला एक शब्दही न कळता या चाचणीत पूर्ण गुण मिळतात. उलट ज्या मुलीला गीत खरोखर कळलंय पण सन लक्षात राहत नाही, ती ‘जाणीव कमी’ या रकान्यात जाते. मग पूर्वचाचणी, पंधरा दिवसांचा कार्यक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य सार्थ, आणि निष्कर्षात लिहायचं की अर्थाची समज वाढली. वाढलं ते पाठांतर.

तज्ज्ञांकडून साधनाची आशय वैधता तपासून घेतली होती, असं तुम्ही म्हणाल. घेतली असेल. पण तज्ज्ञांसमोर गेलेलं उद्दिष्ट काय होतं ते बघा : ‘राष्ट्रगीताविषयी माहिती व अर्थ यांची जाणीव अभ्यासणे’. संशोधनाच्या उद्दिष्टात ‘व’ हे अक्षर दिसलं की मला धडकी भरते. ‘व’च्या अलीकडचं मोजायला सोपं असतं, पलीकडचं अवघड. प्रश्न सगळे अलीकडचे निघतात आणि शीर्षक मात्र पलीकडचं राहतं.

या विषयात खरं तर तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात : आदर, माहिती आणि अर्थ. त्या सुट्या केल्याशिवाय कार्यात्मक व्याख्या लिहिताच येत नाही. आदर आणि अर्थ यांची फारकत किती असू शकते हे पाहायचं तर स्पेन बघा. त्या देशाच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, नुसती धून आहे. तिथली माणसं आदराने उभी राहतातच. आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला शांतपणे उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या निकालात न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. गायलाच हवं असा कायदा नाही, आणि आदराने उभं राहणं हा अनादर नव्हे. म्हणजे तुमच्या निरीक्षण सूचीत ‘विद्यार्थी मोठ्याने गातो’ हे विधान आदराचा निर्देशक म्हणून असेल तर ते आजच काढा. हे दोन मुद्दे मी इथेच सोडते, कारण खरी गंमत आणि खरी अडचण तिसऱ्यात आहे.

अर्थ.

बालभारतीच्या कुठल्याही पुस्तकाची सुरुवातीची पानं आठवा. संविधानाची उद्देशिका, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा. अख्ख्या पुस्तकात ज्यांच्याखाली शब्दार्थ नाहीत आणि स्वाध्यायही नाही अशी ही पानं. प्रतिज्ञेचं एक बरं आहे. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ मध्ये, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांच्याकडून. पण आपल्यापर्यंत ती मराठी होऊन आली, त्यामुळे चौथीतलं मूलही तिच्याशी वाद घालू शकतं. (सगळे भारतीय बांधव, मग लग्न कसं होतं, हा विनोद प्रत्येक पिढीत नव्याने जन्मतो. विनोद करता येतो म्हणजे वाक्य कळलंय.) राष्ट्रगीतावर असा विनोद तुम्ही कधी ऐकलाय? मी नाही. आदर हे कारण असेलच, पण वाक्य न कळणं हेही असावं.

आणि ते न कळण्यात मराठी मुलाची एक खास अडचण आहे, जी मला कुठल्याच आढाव्यात सापडली नाही. गीताची भाषा संस्कृतप्रचुर बंगाली आहे. संस्कृत शब्द मराठीतही आहेत, त्यामुळे ते ओळखीचे वाटतात, आणि ही ओळखच फसवते. ‘मागे’ हा शब्द घ्या. मराठी मुलासाठी मागे म्हणजे पाठीमागे. गीतात ते क्रियापद आहे, मागणं, याचना करणं. ‘जागे’ म्हणजे आपल्याकडे न झोपलेले, तिथे ते जागणं या अर्थाचं क्रियापद आहे. ‘गाहे’ तर कशाशीच जुळत नाही, ते गातो, गाते या अर्थाचं. ‘गाथा’ म्हटलं की आपल्याला तुकोबांची गाथा दिसते, जाडजूड ग्रंथ. तिथे ती विजयाची गाणी आहेत. ‘गण’ म्हटलं की गणपतीचे गण, किंवा खेडेगावातल्या मुलाला पंचायत समितीचा गण, जो निवडणुकीत भिंतीवर रंगवलेला असतो. ‘हिमाचल’ म्हणजे हिमालय, पण मूल नकाशात हिमाचल प्रदेशावर बोट ठेवतं. मी केलेल्या पहिल्या चाचणीच्या उत्तरसूचीत मीच हिमाचलला राज्यांच्या यादीत टाकलं होतं. गाईडनी लाल पेनाने गोल केला आणि काहीही न बोलता कागद परत दिला. तो गोल अजून माझ्या फाईलला आहे.

या क्रियापदांची अडचण किरकोळ समजू नका. ती तीन क्रियापदं निसटली की गीत म्हणजे नुसती नावांची माळ उरते : प्रदेश, डोंगर, नद्या, समुद्र, आणि शेवटी जयजयकार. शाळेत आपण वाक्य पृथक्करण शिकतो ना, कर्ता, कर्म, क्रियापद? ते इथे लावून पाहा. कोण जागं होतं? हे सगळे प्रदेश आणि लोक, डोंगर, नद्या, समुद्राच्या लाटा. कशाने? कोणाच्या तरी नावाने. काय मागतात? त्याचा आशीर्वाद. काय गातात? त्याच्या विजयाचं गाणं. म्हणजे गीतात घटना आहे. एक अख्खा भूगोल झोपेतून उठतोय. हे एकदा दिसलं की सकाळच्या परिपाठात हे गीत म्हणण्यात काही वेगळंच औचित्य वाटायला लागतं. पण हे दिसण्यासाठी सेकंद मोजून उपयोग नाही.

प्रदेशांच्या नावांचंही तसंच. नकाशा समोर ठेवून मुलाला सांगा, पंजाबवर बोट ठेव, खाली ये, पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला जा, वळसा घालून पूर्व किनाऱ्याने बंगालपर्यंत वर ये. गीतातली नावं याच वाटेने येतात. ही यादी प्रशासकीय नाही. १९११ साली गुजरात नावाचा प्रांत नव्हता, आपलाही नव्हता, उत्कलचा, म्हणजे आजच्या ओडिशाचाही नव्हता. सिंध तर तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९३६ पर्यंत राहिला. ‘द्राविड’ या एका शब्दात सगळी दक्षिण आली आहे. म्हणजे ही नावं लोकांची आणि भाषांची आहेत, कलेक्टर कचेऱ्यांची नाहीत. हा फरक कळलेल्या मुलाला ‘सिंध पाकिस्तानात गेला तरी गीतात का?’ या प्रश्नाचं उत्तर स्वतःचं स्वतः देता येतं. हाच प्रश्न घेऊन एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती, सिंध काढून काश्मीर घाला म्हणून. २००५ मध्ये ती फेटाळली गेली. राष्ट्रगीत हा देशाच्या सीमा ठरवणारा दस्तऐवज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तुमच्या चाचणीत ‘राष्ट्रगीतात उल्लेख असलेली राज्ये लिहा’ असा प्रश्न असेल, तर तो प्रश्नच मुलाला चुकीचा अर्थ शिकवतो, हे लक्षात घ्या.

आता सर्वांत कळीचा मुद्दा : गीत कोणाला उद्देशून आहे? अर्थ शिकवायचा तर हा प्रश्न टाळता येत नाही, आणि शिक्षक नेमका हाच टाळतात. कारण सगळ्यांना फॉरवर्ड आलेला असतो, हे गीत पंचम जॉर्जसाठी लिहिलं म्हणे. वर्गात एखादा मुलगा ते बोलून दाखवतो आणि शिक्षक ‘असं काही नसतं’ म्हणून खाली बसवतात. पण ‘असं काही नसतं’ हा पुरावा नव्हे.

इथे तुम्हाला संशोधक म्हणून उत्तम सराव आहे. गोंधळ कुठून सुरू झाला? १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबार झाला, त्यात बंगालची फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली. त्याच महिन्याच्या शेवटी बादशहा कलकत्त्याला येणार होते. मधल्या दिवसांत काँग्रेसचं अधिवेशन. २७ तारखेला ठाकुरांचं गीत झालं आणि त्याच दिवशी बादशहाच्या स्वागताचं एक वेगळं हिंदी गीतही झालं. दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची गल्लत करून टाकली. देशी वृत्तपत्रांनी आणि काँग्रेसच्या अहवालाने ती केली नव्हती. त्या दिवसाचा छापील कागद म्हणजे प्राथमिक साधन, आणि प्राथमिक साधन म्हणजे खरं, असं आपण पेपर एकमध्ये पाठ करतो. इथे प्राथमिक साधनंच एकमेकांविरुद्ध उभी आहेत. कोण ऐकत होतं, कोणाला बंगाली कळत होतं, हे विचारावं लागतं.

पण याहून जवळचा पुरावा गीतातच आहे. अडचण अशी की शाळेत आपण फक्त पहिलं कडवं शिकवतो. पहिल्या कडव्यात तो ‘अधिनायक’ कोण हे उघड होत नाही. दुसऱ्या कडव्यात वेगवेगळ्या धर्मांचे लोक त्याच्या हाकेला येतात. तिसऱ्यात तो युगानुयुगं चाललेल्या वाटेवरचा सारथी आहे. चौथ्यात अंधाऱ्या रात्री पीडित देशाला मांडीवर घेणारी आई आहे. पाचव्यात पहाट होते. पंचम जॉर्ज काहीही असतील, आई नक्कीच नव्हते. ठाकुरांनी १९३७ च्या एका पत्रात सारथ्याचाच दाखला देऊन हा आरोप उडवून लावला होता, पण ते पत्र नसतं तरी चाललं असतं. पूर्ण गीत वाचणाऱ्याला उत्तर मिळतं, एक कडवं वाचणाऱ्याला फॉरवर्डवर अवलंबून राहावं लागतं. विश्लेषणाचं एकक चुकलं की काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. राष्ट्रगीत म्हणून एकच कडवं स्वीकारलं आहे हे खरं, गायचं तेवढंच. पण अर्थ शिकवताना पाच वाचायला कोणी बंदी घातलेली नाही. ‘व्याप्ती व मर्यादा’मध्ये ‘प्रस्तुत अभ्यास फक्त पहिल्या कडव्यापुरता मर्यादित आहे’ असं लिहून मोकळे होऊ नका. ती मर्यादा तुमचा निष्कर्षच खाऊन टाकते.

एक व्यावहारिक सूचना, संबंधित साहित्य वाचताना उपयोगी पडेल. हिंदीत ‘राष्ट्रगान’ म्हणजे जन गण मन आणि ‘राष्ट्रगीत’ म्हणजे वंदे मातरम्. मराठीत आपण जन गण मनलाच राष्ट्रगीत म्हणतो. हिंदी प्रबंधाचं शीर्षक पाहून तो आपल्या विषयाचा समजलात तर आढावा पहिल्याच परिच्छेदात घसरेल.

‘मग कार्यक्रमात शिकवायचं काय?’ हा प्रश्न येणारच. तयार कार्यक्रम मी देणार नाही, तो तुमचा प्रबंध आहे. पण अर्थ समजावण्याची गरज आपल्यालाच आज वाटली असं नाही, एवढं सांगते. १९१९ च्या फेब्रुवारीत ठाकूर मदनपल्ले इथल्या थिऑसॉफिकल कॉलेजात गेले होते. तिथे त्यांनी हे गीत विद्यार्थ्यांसमोर गायलं. समोर बंगाली न कळणारी मुलं. तिथेच त्यांनी स्वतः त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि मार्गारेट कझिन्स यांनी सुरावट लिहून घेतली. सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारने वेगळी वाट धरली. त्यांनी चाल ठेवली आणि शब्द सोप्या हिंदुस्तानीत नव्याने बांधून घेतले, ते ‘शुभ सुख चैन’ म्हणून ओळखलं जातं. एकाने मूळ ठेवून भाषांतर जोडलं, दुसऱ्याने शब्दच गाणाऱ्यांच्या भाषेत आणले. आपल्या शाळांनी तिसरा मार्ग घेतला : मूळ ठेवलं आणि जोडलं काहीच नाही. यावर टीका करायला हवी, आणि ती करण्याने कोणाचा अवमान होत नाही.

आता माझी फसगत. मी सातवीच्या एका वर्गात पथदर्शी चाचणी घेतली होती. हिमाचलची चूक सुधारून, क्रियापदांचे प्रश्न घालून, मोठ्या उत्साहाने. शेवटचा प्रश्न मुक्त उत्तराचा होता : राष्ट्रगीतात तुमचा उल्लेख कोणत्या शब्दाने येतो? मला अपेक्षित उत्तर ‘मराठा’ होतं. उत्तरसूचीत तेवढंच लिहिलं होतं, दोन गुण. गीतातला तो शब्द आपल्या सगळ्या मुलखाचा आणि सगळ्या मराठी माणसांचा आहे. टिळक-आगरकरांच्या काळात ‘मराठा’ नावाचं इंग्रजी साप्ताहिक निघत होतं, तेव्हा ते एका जातीचं मुखपत्र नव्हतं. हे मला माहीत होतं आणि इतकं माहीत होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पेपर गोळा करताना एका मुलाची ती जागा कोरी दिसली. बाकी सगळं बरोबर होतं, ‘मागे’चा अर्थसुद्धा. मी विचारलं, ‘हे का सोडलंस रे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, आम्ही मराठा नाही.’ मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. वर्गशिक्षकांनी ‘चला, घंटा झाली’ म्हणून विषय संपवला आणि मीही पेपर पिशवीत भरले.

त्या मुलाचं चुकलं का? त्याच्या घरात, गावात, वर्तमानपत्रात, आरक्षणाच्या बातम्यांत, शाळेच्या दाखल्यावर त्या शब्दाचा जो अर्थ आहे, तो त्याने प्रामाणिकपणे लावला. रोज सकाळी पाच-सहा वर्षं तो हे गीत म्हणतोय आणि त्याच्या समजुतीप्रमाणे त्यात दुसऱ्यांचं नाव आहे, त्याचं नाही. ५२ सेकंदांच्या प्रश्नाने हे कधीच बाहेर आलं नसतं. आणि माझ्या उत्तरसूचीने त्याला शून्य दिलं असतं, ‘अर्थाची जाणीव नाही’ म्हणून.

आता तुम्ही या विषयावर आराखडा लिहिणार असाल तर माझी विनंती एवढीच, प्रश्नावलीच्या आधी स्वतः बसून गीताचा अर्थ मराठीत लिहून काढा, पाचही कडव्यांचा, तुमच्या वर्गातल्या मुलांना कळेल अशा शब्दांत. एक-दोन दिवस लागतील. कुठे अडता ते टिपून ठेवा. तुम्ही जिथे अडाल तिथेच मुलं अडतात, आणि तुम्ही जिथे अजिबात अडणार नाही, तिथे कदाचित जास्त.

मी तो प्रश्न चाचणीतून काढलेला नाही. त्याच्यापुढे आता दोन ओळी वाढवल्या आहेत : असं का वाटतं ते लिहा. गुणदानाच्या तक्त्यात मात्र त्या मुलाच्या उत्तरासमोरचा रकाना अजून कोरा आहे. पुढच्या आठवड्यात गाईडना भेटायचंय, तेव्हा तोच घेऊन जाणार आहे.